दोन खिळ्यांना टांगलेली किल्ली

लातूरच्या एका डाळमिलची किल्ली मी मधोमध कापली, तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या खिळ्यांना टांगले आणि साहेबांना सांगितलं, "झालं काम." नुसतं सांगितलं नाही, वर हेही म्हटलं की आता मॉरिशसपर्यंत कुणाला आपल्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अजाण म्हणून सोडून द्यावं असं वय नव्हतं. नांदेडात शेख साहेबांच्या छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचे. दुकानं, दवाखाने, मिल, क्लासेस, सगळ्यांची डोमेन नावं आणि ई-मेल आमच्याकडे. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक एसी (तो माणसांसाठी नव्हता, सर्व्हरसाठी होता) आणि आम्ही चौघं. आता आजी झाल्यावर त्या छप्पन्न वर्षांच्या बाईकडे मी लांबून बघते, आणि मला तिची फार गंमत वाटते. चष्मा कपाळावर चढवून ती अशी बोलायची, जणू इंटरनेट हिच्या माहेराहून आंदण आलंय.

किल्ली कसली, ते सांगते.

लातूरला आप्पांची डाळमिल. तूर घ्यायची, भरडायची, डाळ विकायची, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कपाळावर विभूती, खिशात मोबाईल, पण मोबाईलवर फक्त भाव विचारायचे. त्यांची मुलगी राजेश्वरी शिकून परत आली आणि मिलच्या ऑफिसात बसू लागली. तिने मॉरिशसचा एक खरेदीदार मिळवला. मिलची ही पहिली परदेशी ऑर्डर. आप्पांना ते पटलं नव्हतं. अडत बाजार दारात असताना समुद्रापलीकडं कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलीने हट्ट धरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्या बारीला कर. न्हाई जमलं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई."

आणि नेमकं तेव्हाच कुणा भामट्याने मिलच्या नावाने त्या खरेदीदाराला मेल पाठवली, की आमचं बँक खातं बदललंय, पैसे या नव्या खात्यात टाका. नाव मिलचं, पत्ता मिलचा, खातं भलत्याचं. मॉरिशसचा माणूस सावध होता. त्याने आधी राजेश्वरीला फोन केला, म्हणून निभावलं. पण त्यानंतर त्याच्या कंपनीने अट घातली. मिलच्या मेलवर डिजिटल सही पाहिजे. सही जुळली नाही तर त्यांचा सर्व्हर मेल दारातूनच परत करणार. आणि शुक्रवारी त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत सहीची मेल पोचली नाही, तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार.

राजेश्वरीने आमच्या ऑफिसला फोन केला, साहेबांनी काम माझ्याकडे दिलं, आणि मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

ही डिजिटल सही म्हणजे काय, ते घरच्या भाषेत सांगते. किल्ल्या दोन असतात, एकमेकींच्या जोडीच्या. एक गुप्त, ती आमच्या सर्व्हरमध्ये. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर ती एक मोहोर उमटवते. दुसरी उघडी. ती भर रस्त्यात टांगून ठेवायची, कुणीही यावं आणि बघावी. मेल घेणारा ती उघडी किल्ली मोहोरेला लावून बघतो. लागली तर मेल खरी. आणि गंमत अशी, की उघड्या किल्लीने मोहोर तपासता येते, उमटवता येत नाही. साऱ्या जगाने ती किल्ली पाहिली तरी कुणाला खोटी मोहोर करता येत नाही. मी हे शिकले त्याला जमाना झाला, तरी अजून विचार करायला बसले की चहा गार होतो.

ही उघडी किल्ली टांगायची कुठे? डीएनएसमध्ये. डीएनएस म्हणजे इंटरनेटवर पत्ता विचारायची सोय. तुम्ही एखाद्या साइटचं नाव टाकता, पण मशीनला नाव कळत नाही, नंबर लागतो. मग तुमचं मशीन विचारत सुटतं. सगळ्यात वर बसलेल्यांना विचारतं, हे नाव कुणाकडे? ते म्हणतात, आम्हाला नाही माहीत, पण त्या दारी जा. त्या दारचा म्हणतो, पुढच्या गल्लीत विचार. असं करत करत शेवटी आमच्या सर्व्हरपाशी येतं, आणि आमचा सर्व्हर उत्तर देतो. तुम्ही शेंगदाणा तोंडात टाकून चावेपर्यंत हे सगळं झालेलं असतं. या साखळीत एकालाही सगळं माहीत नसतं. प्रत्येकाला फक्त पुढचं दार ठाऊक. तरी पत्ता सापडतो. मला देवळात जेवढं हात जोडावंसं वाटतं, तेवढंच कधीकधी या रचनेपुढेही वाटतं.

आता या नावांच्या खाली नंबराशिवाय मोकळा मजकूरही ठेवता येतो. त्याला टेक्स्ट रेकॉर्ड म्हणतात. भिंतीवर एक खिळा, आणि खिळ्याला जे टांगाल ते. किल्ली तिथेच टांगतात.

मी किल्ली तयार केली. चांगली मजबूत, चारशेच्या आसपास अक्षरं. आमच्या सर्व्हरच्या फाईलमध्ये अवतरणचिन्हं टाकून, एका सलग ओळीत चिकटवली. सर्व्हरने फाईल घ्यायलाच नकार दिला. मजकूर जास्त लांब आहे म्हणाला.

मी थोडं शोधलं. टेक्स्ट रेकॉर्डमधल्या मजकुराला मर्यादा दोनशे पंचावन्न अक्षरांची. कारण साधं आहे. मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की कुठे थांबायचं. त्या लांबीसाठी जागा फक्त एका बाइटची. आणि एका बाइटमध्ये दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा मावत नाही.

इथे शहाण्या माणसाने पुढचा परिच्छेद वाचला असता. मी वाचला नाही. मी म्हटलं, हात्तिच्या. लांब आहे ना, मग कापू. ब्लाउजपीसला कात्री लावावी तशी मी किल्ली कापली. पहिला तुकडा दोनशे पंचावन्नचा, उरलेला दुसरा. आणि एकाच नावाने दोन वेगवेगळे टेक्स्ट रेकॉर्ड केले. सर्व्हरने कुरकुर न करता घेतले. डिग नावाची एक कमांड असते, डीएनएसला विचारून काय उत्तर येतं ते दाखवणारी. ती चालवली. दोन्ही तुकडे एकाखाली एक, दिमाखात दिसले. लवकर बदलायची गरज पडणार नाही म्हणून मुदतही एक दिवसाची दिली. ही मुदत म्हणजे जगातल्या इतर सर्व्हरना दिलेली परवानगी, की हे उत्तर तुम्ही एक दिवस स्वतःजवळ ठेवा, पुन्हापुन्हा मला विचारू नका.

टेस्ट मेल पाठवायला हवी होती. मी पाठवली नाही. डोळ्यांनी दिसतंय, मग टेस्ट कशाची?

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा फोन आला. मेल परत आली होती, सही जुळली नाही म्हणून. साहेबांनी मला बोलावलं.

"बाई, खातरजमा केली होती ना?"

"केली. त्यांच्याकडचीच काहीतरी गडबड आहे."

"मॉरिशसवाल्याची?"

"हो. परदेशी असले म्हणून काय झालं, सर्व्हर माणसंच चालवतात."

शेख साहेब भले माणूस. त्यांनी फक्त कान चोळला. एखादी गोष्ट पटली नाही की ते कान चोळायचे, आणि आमच्याकडे सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता. मी तो त्या दिवशी लावला नाही.

उलट मी राजेश्वरीला फोन केला आणि इंग्रजीत एक मेल सांगितली. ती तिने मिलच्या पत्त्यावरून मॉरिशसच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला पाठवायची. मजकूर असा, की वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, दोष तुमच्या सर्व्हरमध्ये आहे, आमचे रेकॉर्ड निर्दोष आहेत, कृपया आपल्या लोकांना डीएनएसचं प्राथमिक शिक्षण द्यावं. राजेश्वरीने विचारलं, "मॅडम, प्राथमिक शिक्षण हे राहू द्यायचं?" मी म्हटलं, राहू दे, कळू दे त्यांना. तिने पाठवली. त्या मेलचं पुढे काय झालं हे विचारायचं मला सुचलंही नाही.

गुरुवारी आप्पांचा स्वतःचा फोन आला. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. म्हणाले, "ताई, फोनवर काई कळंना झालंय. तुम्ही समोर या. आमच्यात सौदा समोर बसून होतो." शुक्रवारी सकाळची एसटी धरून मी निघाले, लॅपटॉप मांडीवर आणि मान ताठ.

अर्ध्या वाटेत एसटीच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. कारखाने चालू होते, त्यामुळे रस्ताभर तेच. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि वेग असा की चालत गेलं तर बरं. ड्रायव्हर त्याच्या मागे रांगत होता, मी घड्याळ बघत होते. बाजूच्या बाई म्हणाल्या, "बसा निवांत, ही रेल्वे हाय." मी मनातल्या मनात त्या ट्रॅक्टरला पुष्कळ बोलून घेतलं. दुपारपर्यंत त्याचीच माफी मागायची पाळी येणार होती.

मिलच्या ऑफिसात पोचले. बाहेर मशीनची घरघर, काचेवर डाळीची पिवळी धूळ, टेबलही हलकं थरथरणारं. राजेश्वरीने पाणी दिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बाहेर पोती रचलेली होती, प्रत्येकावर मिलचा मार्का छापलेला, मॉरिशसचं नाव लिहिलेलं. ती पोती बघून मात्र माझी मान थोडी खाली आली. संध्याकाळपर्यंत मेल पोचली नाही तर ते नाव पुसून तीच पोती बाजारात जाणार होती, आणि पुन्हा या पोरीने घरात मॉरिशसचं नाव काढायचं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला, डिग चालवलं आणि तिला म्हटलं, "बघ, दोन्ही तुकडे जागेवर. आपलं सगळं बरोबर आहे."

तेवढ्यात आप्पा आत आले. हात झटकून बसले. "मलाबी दाखवा की," म्हणाले. मी मोठ्या हौसेने तीच कमांड पुन्हा चालवली.

आणि तुकडे उलटे आले. शेपूट आधी, डोकं नंतर.

मी तिसऱ्यांदा चालवली. डोकं आधी. पुन्हा चालवली. शेपूट आधी.

आप्पांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, थांबा जरा. एका नावाचे अनेक रेकॉर्ड असले तर डीएनएस ते कोणत्या क्रमाने देईल याची खात्री नसते. मुद्दामच क्रम बदलत राहतो, म्हणजे एकाच सर्व्हरवर सगळा भार पडू नये. हे मला माहीत होतं. नव्या मुलांना मीच शिकवायचे. आणि तरीही मी किल्लीचे दोन तुकडे दोन वेगळ्या खिळ्यांना टांगले होते. मॉरिशसचा सर्व्हर येत होता, हाताला लागेल तो एक तुकडा घेऊन मोहोरेला लावत होता आणि मेल परत करत होता. त्याने दुसरं करायला तरी काय हवं होतं?

मग मी तो परिच्छेद वाचला, जो आधी वाचायला हवा होता.

डीएनएसचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. माझी मुलं लहान होती त्या काळात, म्हणजे जुनेच, ते लिहिले गेले. त्यात टेक्स्ट रेकॉर्डबद्दल एक छोटीशी ओळ आहे. रेकॉर्डमध्ये मजकुराचा तुकडा एक असू शकतो किंवा एकाहून अधिक. प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची स्वतःची एका बाइटची लांबी. म्हणजे रेकॉर्ड एकच, खिळा एकच, आणि त्यात एकामागून एक डबे जोडलेले. एका रेकॉर्डच्या आत तुकड्यांचा क्रम कधीच बदलत नाही. आणि सहीच्या नियमांत, जे पुष्कळ नंतर लिहिले गेले, तिथे म्हटलंय की वाचणाऱ्याने हे तुकडे एकाला एक जोडायचे, मध्ये काहीही न घालता. साधी मोकळी जागासुद्धा नाही. कुठे कापायचं तेही आपल्यावर. तुकडा दोनशे पंचावन्नच्या आत असला म्हणजे झालं.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या काळात एवढी लांब किल्ली कुणाच्या गरजेची नव्हती. भामट्यांच्या मेल नव्हत्या. लातूरची डाळ मॉरिशसला नेणारी राजेश्वरी तर जन्मलेलीच नव्हती. त्यांनी एका बाइटची काटकसर केली, कारण तेव्हा बाइट महाग होते. पण त्याच ओळीत "किंवा अधिक" म्हणून दार किलकिलं ठेवलं. कोण येणार हे माहीत नसताना ठेवलं. आणि इतक्या वर्षांनी, डाळीच्या धुळीत बसलेली मी त्या दारातून आत चालले होते.

आप्पा वाट बघत होते. मी खरं सांगितलं. "आप्पा, चूक माझी आहे. मी दोन ट्रॅक्टर सोडले, एकेकाला एक ट्रॉली. आधी कोणता पोचेल याचा भरवसा नाही. एका ट्रॅक्टरला दोन्ही ट्रॉल्या जोडायला हव्या होत्या. मग पुढची पुढेच राहते, मागची मागेच."

आप्पा म्हणाले, "मग जोडा की."

मी फाईल उघडली. एकच रेकॉर्ड, एक तुकडा अवतरणांत, लगेच दुसरा तुकडा अवतरणांत. सर्व्हरने निमूट घेतलं. पण एंटर दाबल्या दाबल्या मला ती एक दिवसाची मुदत आठवली.

आदल्या दिवशी संध्याकाळी राजेश्वरीने पुन्हा मेल पाठवून बघितली होती, तेव्हा मॉरिशसच्या सर्व्हरने माझं चुकीचं उत्तर घेतलं होतं. माझ्याच परवानगीने ते त्याने जपून ठेवलं असणार. आज ऑफिस बंद होईपर्यंत तो मला पुन्हा विचारायला येणारच नव्हता. इथे मी कितीही दुरुस्त केलं तरी समुद्रापलीकडे माझी चूक नीट सांभाळून ठेवलेली होती. इतका विश्वास माझ्यावर घरातसुद्धा कुणी टाकला नव्हता.

राजेश्वरीने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. बाहेर मशीन तशीच घरघरत होती.

तिथेही कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. प्रत्येक सहीत लिहिलेलं असतं की माझी किल्ली अमुक नावाच्या खिळ्याला आहे. त्या नावाला सिलेक्टर म्हणतात, आणि ते आपण ठरवतो. जुन्या नावाचं चुकीचं उत्तर जगाच्या डोक्यात बसलं असलं तरी हरकत नाही. नवीन नाव घ्यायचं. ते नाव कुणी कधी विचारलेलंच नसतं, त्यामुळे कुणाच्या आठवणीत चुकीचं काही नसतं. विचारणारा थेट आपल्या दारी येतो.

मी म्हटलं, "एक नवीन नाव पाहिजे. छोटं."

आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "नंदी ठेवा."

नंदी ठेवलं. नवीन खिळा, एकच रेकॉर्ड, त्यात दोन तुकडे. सर्व्हरला सांगितलं की आता मोहोर नंदीच्या किल्लीची. डिग चालवलं, पाच-सहादा चालवलं. डोकं आधी, शेपूट नंतर, दर वेळी. मग, या वेळी मात्र, स्वतःच्या मेलवर टेस्ट मेल पाठवली. सही जुळली. राजेश्वरीने कागदपत्रं जोडून मॉरिशसला मेल पाठवली आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. आप्पांनी चहा मागवला. तो कुणी प्यायला नाही.

मेल परत आली नाही. चहावर साय धरली तरी परत आली नाही. मग तिकडून उत्तर आलं. मेल मिळाली, सही जुळली, माल भरा.

आप्पा उठले, स्क्रीनजवळ गेले आणि एक बोट ठेवून विचारलं, "हे आत्ता तिकडून आलं?" मी म्हटलं, हो. "आन् ते आपल्या नंदीला विचारून आले?" मी म्हटलं, हो, तुमची मेल पोचल्याबरोबर त्यांचं मशीन दारोदार विचारत नंदीपर्यंत आलं, किल्ली बघितली, लावून पाहिली आणि मग तुमचं पत्र आत घेतलं. आप्पा दारात जाऊन हमालांना म्हणाले, पोती गाडीत भरा. आवाज नेहमीचाच होता, पण डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली.

आता मिल राजेश्वरीच चालवते. तिथून निघणाऱ्या प्रत्येक मेलवर अजून नंदीची मोहोर असते, आणि कुठकुठल्या देशांतली मशीनं दिवसभर त्याच्या दर्शनाला येऊन जातात. माझी नात म्हणते, आजी, यात एवढं काय आहे, एक बटण दाबलं की सगळं आपोआप होतं. होतं बाई. कुणीतरी "किंवा अधिक" लिहून ठेवलं म्हणून होतं.

धडा म्हणाल तर साधाच आहे. मेल परत आली तर समुद्रापलीकडच्या माणसाला शहाणपण शिकवायच्या आधी आपल्या भिंतीवरचा खिळा बघावा. आणि टेस्ट मेल फुकट असते.

त्या शुक्रवारी शेख साहेबांना मी फोनवर सगळं कबूल केलं. ते हसले, पण कान चोळल्याचा आवाज मला ऐकू आल्यासारखं वाटलं. संध्याकाळच्या एसटीने परत निघाले, तेव्हा राजेश्वरी स्टँडवर सोडायला आली होती. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन, चेहऱ्यावरची रेष न हलवता ती म्हणाली,

"मॅडम, त्या प्राथमिक शिक्षणाची मेलपण परत आली होती. आता पाठवू का? आता पोचंल."